हॅरी आगरच्या ड्रमला येणारा वास

जेवता जेवता हे वाचत असाल तर आधी ताट संपवा. मी थांबतो.

संपलं? मग ऐका. या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबरच्या बिस्किटांसारखे वाचत आलोय. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... वाचायचं, हसायचं, कूस बदलून झोपायचं. विश्वास शून्य. तलासरीत उधव्याच्या रस्त्याला माझं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, मागेच घर. आवाज उगाच येत नाही, कुठेतरी वायर सुटलेली असते, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण माझी तक्रार आवाजाची नाहीच. वासाची आहे.

मला जुन्या जाझ रेकॉर्ड्सचा नाद आहे, आणि त्यातही ड्रमरचा. पुढे उभा असतो तो टाळ्या घेतो. मागे बसून सगळ्यांना तालात ठेवणाऱ्याचं नाव कव्हरवर मुंगीएवढ्या अक्षरात असतं. माझी लाडकी मुंगी म्हणजे हॅरी आगर. मूळचा हरेश्वर, डहाणूजवळच्या आगर गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पळून मुंबईला गेला, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागला आणि गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. एका कंपनीत तो कधी टिकला नाही. एक रेकॉर्ड कलकत्त्याच्या कंपनीची, एक नैरोबीच्या, एक लिस्बनच्या. तिन्ही कंपन्या केव्हाच बंद पडल्या. मी या तीन तबकड्यांसाठी अकरा वर्षं हिंडलो.

कलकत्त्यावाल्यांनी माइक इतका लांब ठेवलाय की हॅरी शेजारच्या खोलीत वाजवतोय असं वाटतं. नैरोबीवाल्यांनी माइक जवळजवळ ड्रममध्येच खुपसला. ड्रमवर तारांचा ब्रश फिरतो तेव्हा एकेक तार मोजावी. पण माणूस ओळखू येतो. ठोका केसभर उशिरा टाकायचा. बेफिकीर... जणू बस चुकली तर पुढची आहेच.

तर गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी, मी कलकत्त्याची रेकॉर्ड लावली. दुसरी बाजू. हॅरी ब्रश ठेवून काठ्या उचलतो, सोलो सुरू होतो... आणि खोलीत वास आला.

कसला? ओले बोंबील पोत्यात बांधा. पोतं उन्हात विसरा. चार दिवसांनी त्यावर एक जाडा माणूस बसवा. खालून जे पाझरेल, त्याचा. मी मासे खाणारा माणूस आहे, सुक्या बोंबलाच्या चटणीवर दोन भाकऱ्या जास्त जातात माझ्या. म्हणून सांगतो, हा मासळीचा वास नव्हता. मासळी कुजल्याचा होता. तो नाकात थांबत नाही हो, जिभेवर येऊन बसतो, आणि मग दात कितीही घासा.

सुनंदा, म्हणजे आमची बायको, पदर नाकाला लावून आली. “तुमच्या त्या मशीनमध्ये घूस मेलीय.”

“घूस मेल्यावर बोंबील होते का?”

“तुमच्या घरात काही होऊ शकतं.”

मी सुई उचलली. वास गेला. हळूहळू नाही, बटण दाबल्यासारखा गेला. सुई टेकवली... हजर. आता वास असा वागत नाही. वास म्हणजे पाहुणा, निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभा राहतो. मी प्लेअर खोलला, कपाट रिकामं केलं, रेकॉर्ड भांड्यांच्या साबणाने धुतली. फोनवर रेकॉर्डिंग करून ऐकलं तर काही नाही. दुसऱ्या कुठल्याही ड्रमरला काही नाही. नैरोबीची लावली तर आधीच्यापेक्षा दाट, गोडसर, पोटात हात घालणारा. सोलो संपला की संपायचा.

लिस्बनची नुकतीच कुरियरने आली होती. सीलबंद, छापल्यापासून कुणी उघडलेलीच नव्हती. साक्षीदार हवा म्हणून लहानूला बसवला. लहानू म्हणजे इथल्या लग्नांत वाजवणाऱ्या बँडचा मालक, ॲम्प्लिफायर न्यायला आला होता. त्याच्यासमोर प्लास्टिक फाडलं. आत कोऱ्या कागदाचा वास. सुई टेकवली. लिस्बनवाल्यांनी सोलो अगदी सुरुवातीला घेतलाय... डोळ्यांतून पाणी. नाकात झणका, जसा बंद पडलेल्या मुतारीत येतो, आणि त्याखाली सगळं कुजकं. मी कुरियरच्या खोक्यात ओकलो. लहानू बाहेर कडुनिंबाखाली.

तो तोंड पुसत परत आला. “भाऊ, माझा ॲम्प्लिफायर द्या. न दुरुस्त केलेला चालेल.”

कंपनी बदलली की साउंड बदलतो, हे मी लोकांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो. कंपनी बदलली की कुजकेपणाची प्रत बदलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुनंदाने निर्वाणीचं सांगितलं. घरात एकतर हॅरी, नाहीतर ती. तेव्हा मी गाडी काढली आणि बोर्डीवरून किनाऱ्याने आगरला गेलो. म्हटलं, त्याच्या घरचं कुणी असेल तर निदान विचारावं.

धाकटी बहीण होती. रेवामावशी, पंच्याहत्तरीची, काटक. बांबूंवर ओळीने लटकलेल्या बोंबलांखाली बसली होती, आणि बायका एकेक टोपली तिच्यापुढे आणत होत्या. ती वाकायची, टोपलीत तोंड घालायची, मग मान हलवायची. होकार मिळाला की टोपली बाजारात. नकार मिळाला की खताला. सून चंद्रिका मला म्हणाली, “आईच्या नाकाशिवाय इथली एक टोपली हलत नाय. मला शिकवा म्हटलं तर सांगते, तुझं नाक फक्त मुरडायच्या कामाचं.”

मी आल्याचं कारण सांगितलं. मावशीने पुढ्यातली टोपली बाजूला सारली.

“दादाच्या बाजातून वास येतो?”

“सडक्या बोंबलाचा, मावशी. माफ करा, पण...”

“माफ काय करायचं. वासाला कंटाळूनच पळाला तो. लिंबाने हात घासायचा, मुंबईला जाऊन साहेब व्हायचं होतं.” मग एकदम हळू आवाजात, “मला ऐकवा. पण घरात. दार लावून.”

पुढच्या रविवारी सकाळी सुटकेसमधला प्लेअर आणि तिन्ही तबकड्या घेऊन गेलो. खोलीत आम्ही तिघंच. नैरोबीची लावली. सोलो सुरू झाला आणि चंद्रिका खिडकीकडे धावली. मी तोंडात रुमाल कोंबला. मावशी जागची हलली नाही. तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला, लांब, पोटापर्यंत. असल्या घाणीत माणूस असा श्वास घेतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“चार दिवसांचा,” ती म्हणाली. “नीट पसरला नाय कुणी. खालच्या थराला ऊन लागलंच नाय.”

सोलो संपला. वास गेला. मावशी उठली, तडक बाहेर अंगणात. सकाळी पास केलेल्या टोपल्या तिथे रचून ठेवल्या होत्या. एकेकीत हात घालून खालचा थर चाचपत गेली. तीन टोपल्या पायाने उलट्या केल्या.

“आई, त्या तुम्हीच पास केल्या,” चंद्रिका म्हणाली.

“केल्या.” मावशी तिथेच मातीत बसली. “करोनात ताप आला होता ना, तेव्हापासून मला वास नाय. फुलाचा नाय, भाताचा नाय, कसलाच नाय. आज दादाचा तेवढा आला. मी बोंबील मोडून आवाज ऐकायची. तुमची तोंडं बघायची. माश्या किती बसतात ते बघायची. आजपर्यंत कुणी मेलं नाय हे त्या देवीचं उपकार.”

चंद्रिका पुढे आली. वाकून एका उलट्या टोपलीतला बोंबील उचलला, हुंगला, तोंड वाकडं केलं. “कालपर्यंत मला हा चांगलाच वाटला असता.”

“म्हणून म्हणते, बस इथे. आणि तुम्ही, शेठ, तो बाजाचा पहिला तवा लावा. कलकत्त्याचा.”

आणि अशी ती शाळा सुरू झाली. दर रविवारी मी तलासरीहून तीन तबकड्या घेऊन जातो, कारण सुईला हात लावायला दोघीही घाबरतात. कलकत्ता म्हणजे दव लागलेला माल, वरून कोरडा, आत ओलसर. नैरोबी म्हणजे दाटीवाटीने सुकवलेला. लिस्बन म्हणजे खताला टाका आणि हात धुवा. चंद्रिका डोळे मिटून हुंगते, मावशी विचारते, “दव की दाटी?” चुकली की मावशी म्हणते, “पुन्हा लावा, शेठ.” पुन्हा. मला. जगात फार थोड्या लोकांकडे असलेलं संगीत मी नाकाला कापूर बांधून, ते दोन बोटांच्या चिमटीत धरून ऐकतो, आणि हॅरी उत्तम वाजवत असतो याचं मला जास्तच दुःख होतं.

कारण मला माहीत नाही. डॉक्टर मित्राला वास दाखवला, तो जिन्यातच ओकला आणि म्हणाला, मनाचा खेळ आहे. प्लास्टिकमध्ये काही मिसळलं असेल म्हणावं, तर तीन देशांतल्या तीन कारखान्यांत? आणि ज्या वासापासून माणूस आयुष्यभर पळाला तो त्याच्याच हातातून का निघावा, आणि ज्या बाईच्या नाकाला दुसरं काहीच कळत नाही तिला तेवढाच का कळावा... मी बरेच दिवस विचार केला. मग प्लेअर पुन्हा गाडीत ठेवला.

परवाच्या रविवारचं तेवढं सांगतो. लिस्बनची लावली. चंद्रिका लगेच मागे सरकली, मी खिडकीबाहेर डोकं काढलं. वळून बघितलं तर मावशी तशीच डोळे मिटून बसली होती, पण या वेळी तिची छाती भरली नाही. ती पुन्हा पुन्हा हुंगत होती, छोटे छोटे, घाईचे श्वास. सोलो संपला.

अंगणात बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. पहिली टोपली मावशीपुढे आली. तिने तोंड घातलं आणि तशीच राहिली. चंद्रिका शेजारी वाकली, क्षणभर हुंगलं, आणि टोपली घेऊन आलेल्या बाईला म्हणाली, “ही नाय. दव लागलंय.”

मावशीने मान हलवली, जणू तेच सांगणार होती.

निघताना तिने मला अंगणातच थांबवलं. “आज आला होता ना रे वास?”

“आला होता, मावशी. जीव जायचा बाकी होता.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि पुढची टोपली हाताने चंद्रिकाकडे सरकवली.