पाळण्यात बोललेला नवस

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज नवरा आणि मुलगी पार्कमधल्या उंच पाळण्यात बसले. मी खाली पिशव्या सांभाळत उभी. ते अगदी वर गेले आणि पाळणा थांबला. दोन मिनिटं झाली, हलेना.

तेव्हा आक्का आठवली, वडिलांची मोठी बहीण. नव्वद सालाच्या आसपास धुळ्यात आनंदमेळा आला होता. आक्का, मी आणि नाना, म्हणजे माझे वडील, एकाच पाळण्यात होतो. वर जाऊन थांबलो तशी आक्काने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "पद्मालयना गणपती, माले खाले उतार. बठ्ठा घर पायी येसूत." म्हणजे अख्खं घर पायी दर्शनाला येईल.

खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. खाली नवीन माणसं बसत होती.

उतरल्यावर नाना चिडले. "नवस तू बोलनी, तूच चाल."

"पाळणामा तू बी व्हता ना?"

शेवटी एरंडोलपर्यंत एसटी आणि तिथून पद्मालयापर्यंत पायी, घरातले अकराही जण गेलो. पाळण्यात न बसलेली काकू तर वाटभर बडबडत होती.

आज मुलगी हसत खाली आली. पण तोवर माझा नवस बोलून झाला होता, आक्काच्याच शब्दांत, अख्ख्या घराचा.

आता तुम्हीच सांगा, या दोघांना कसं सांगू? आणि दिवसभर घरीच असलेल्या सासूबाईंना?