फाटकाचा भोंगा

एका दुपारी माझी बायको नवापूरच्या रस्त्यावर मधोमध उभी सापडली. दोन्ही बाजूंना टँकर थांबलेले, हॉर्नवर हॉर्न, आणि ही डोक्यावर पदर घेऊन माझी पाळी सुटायची वाट बघतेय. कारखाना सोडून मला कितीतरी वर्षं झाली, पण ते तिला सांगून उपयोग नसतो. कधी ती मला ओळखते, कधी मी तिच्या लेखी कोणी वाटसरू असतो. त्या दिवशी हात धरून घरी आणताना ती मलाच दटावत होती, "तुमी कोन? हात सोडा. लोकं बघतात."

संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा तिला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण "आई कशी आहे?" एवढं तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून बसलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, आईला मी इकडे आणते. अशा माणसांना सांभाळणाऱ्या जागा असतात इथे."

"मी जिता हाय अजून."

"मग फाटकाला काहीतरी लावू या. उघडलं की वाजेल. बोईसरच्या दुकानातला माणूस येऊन बसवून देईल."

"परका माणूस घरात नको. आज बसवील, उद्या तोच उघडील. तू सांग, मी करतो."

ती हसली. मी चौथीपर्यंत शिकलो. पण उभा जन्म बॉयलर चालवला, आणि बॉयलर अडाण्याला दोनदा माफ करत नाही.

कुरिअरनं एक डबी आली, साबणाच्या वडीएवढी. हाच कॉम्प्युटर, असं तिनं सांगितलं. तो जुन्या टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा, आणि तिनं फोनवर एकेक अक्षर सांगायचं, मी ते दाबायचं. आत लिनक्स आहे म्हणाली. लिनक्स म्हणजे ही डबी चालवणारा प्रोग्राम, आणि तो फुकट मिळतो.

"फुकटची वस्तू घरात नको," मी म्हणालो.

"बाबा, जगातले मोठमोठे सर्व्हर त्याच्यावर चालतात."

"सर्व्हर काय असतो?"

"घरात बसलेला पहारेकरी समजा. तुम्ही फोनवरून विचारलं, फाटक उघडं की बंद, की तो पान उघडून दाखवतो. एवढंच."

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतो. गेजवरची, पिंपावरची, व्हॉल्व्हवरची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येत होती. बायको मागं खुर्चीवर बसून टीव्हीकडं बघत होती. "मालिका कवा लागंल?" म्हणून मधूनमधून विचारायची.

मग पासवर्ड टाकायची वेळ आली. मी दाबतोय, दाबतोय, पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपकासुद्धा नाही. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं की बॉयलरवाल्याची जी गत होते तीच माझी झाली. आत पाणी आहे की नाही कळत नाही, आणि खाली आग चालू.

"काय बी दिसत नाय," मी ओरडलो.

"दिसत नसतंच. तो घेतोय आत. टाका तुम्ही."

"घेतोय हे कशावरून?"

"बाबा, विश्वास ठेवा थोडा."

विश्वास ठेवायचं काम मी कधी केलेलं नाही. तरी एंटर दाबलं. पडदा एकदम पळायला लागला, ओळींवर ओळी, कारखान्यात पाइप फुटल्यावर वाफ सुटते तशा. मी दोन्ही हात मागं घेतले. ती तिकडून विचारते, काय दिसतंय, आणि मला एक ओळसुद्धा पकडता येत नाही. ओळी थांबल्या तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

असं चार-पाच संध्याकाळी चाललं. एक टिंब राहिलं की परवानगी नाही म्हणायचा. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, मलाच परवानगी नाही! पण शेवटी फोनवर पान उघडलं. फाटकाला लोहचुंबकाचे दोन तुकडे बसवले, एक खांबाला, एक फाटकाच्या दाराला, आणि खांबावरच्याची तार डबीपर्यंत नेली. दोन्ही जवळ असले की पानावर 'फाटक बंद', लांब झाले की 'फाटक उघडं'. ते आमच्या मुलीनं मराठीत लिहून दिलं होतं. मी फाटक उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं, पान बघत राहिलो.

"आता बाहेरून यायची वाट उघडते," मुलगी म्हणाली. "म्हणजे मलाही पुण्यातून दिसेल. अडचण आली तर मी इथून बघीन."

"नाय. तू येशील त्या वाटेनं दुसरा पण येईल."

"पासवर्ड असतो ना बाबा."

"फाटकाला पण कडी हाय."

ती वाट आम्ही बंदच ठेवली. म्हणून आमचा पहारेकरी घराबाहेरच्या कोणाशी बोलत नाही. माझा फोन घरच्या वायफायवर असला तरच तो ओळखतो, आणि ते वायफाय फाटकापर्यंतच पोचतं. मग मी मेन स्विच पाडून परत चढवला. इकडं लाइट जाते-येते, तेव्हा हा उठतो की झोपतो ते बघायला नको? पान उघडलं नाही. मुलगी म्हणाली, एक ओळ राहिली, आपोआप सुरू होण्याची. ती टाकली, परत मेन पाडला. या वेळी पान उघडलं.

राहिला आवाज. डबीला एक स्पीकर जोडून घरात ठेवला. मुलीनं काही भोंगे भरून दिले होते, फोनच्या पानावर प्रत्येकाचं बटण, त्यातला एक फाटकासाठी निवडायचा. पहिला लांब, एकसुरी. तो ऐकून मी म्हणालो, "ह्याला कोन घाबरतं? हा तर सुटीचा भोंगा." आमच्या कारखान्याचा पाळी सुटतानाचा अगदी असाच वाजायचा. दुसरा वरखाली होणारा, रडल्यासारखा. तो निवडला.

तारापूरच्या बाजूला, अणुवीज केंद्र आणि रसायनांच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांना त्या आवाजाचं वेगळं सांगावं लागत नाही. गावात आणीबाणीची तालीम होते तेव्हा तोच वाजतो. वाजला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटीत ओलं फडकं कोंबायचं. बायको तरुण होती तेव्हापासून हे करत आलीय. मला वाटलं, बाकी सगळं विसरली तरी हे तिच्या अंगात मुरलंय.

आणि तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी तिनं फाटकाची कडी काढली, भोंगा रडला, आणि ती पदर तोंडाला लावून उलट्या पावली पळत आली. माझा दंड धरून मलाही आत ओढलं. खिडक्या लावल्या. शेजारच्या खोलीतला भाडेकरू कामगार कुंपणावरून ओरडला, "चाचा, मॉकड्रिल घर में ही रख लिया क्या?" मीही हसलो. मुलीला फोन करून छाती फुगवून सांगितलं. बायको मात्र ओलं फडकं हातात घेऊन कोपऱ्यात बसली होती, भोंगा थांबून कितीतरी वेळ झाला तरी उठत नव्हती. ते मी पाहिलं. होईल सवय, असं म्हणून सोडून दिलं.

मग ती सकाळ आली. मी गॅसवर दूध ठेवलं. तेवढ्यात फाटकाबाहेर मासेवालीनं हाक मारली. एरवी बाहेर जायचं तर मी आधी फोनवर भोंगा गप्प करतो. त्या दिवशी दूध उतू जाण्याआधी परत यायचं म्हणून घाईत तसाच गेलो आणि फाटक उघडलं.

भोंगा रडायला लागला. मी वळलो तोवर घराचं दार लागलं होतं. आतून कडी. मग खिडक्या, एकामागून एक.

"दार उघड! मी हाय!"

"कोनी बाहेर ऱ्हाऊ नका! हवा खराब हाय!" ती आतून ओरडत होती.

फोनवर भोंगा बंद केला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. काचेतून दिसलं, दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलेलं, खाली ज्योत नाही. आणि दाराच्या फटीत ती ओलं फडकं नीट दाबून बसवत होती. वरच्या झरोक्यातून वास आला. आमचं सिलिंडर आत ओट्याखाली, खिडक्यांना लोखंडी गज.

"गॅस बंद कर! बटन फिरव!"

ती काचेजवळ आली. माझ्याकडं नीट बघितलं. असं बघितलं की मला वाटलं ओळखलं. मग म्हणाली, "आजोबा, तुमच्या घरला जा. आमचा मानूस कामावर हाय. तो आल्याबिगर मी दार नाय उघडायची."

भाडेकरू धावत आला होता. त्यालाही वास लागला. "चाचा, दरवाज़ा तोड़ दूँ?"

दार सागाचं, मीच करून घेतलेलं. धक्क्यावर धक्के बसले की ती घाबरून काय करील, दिव्याचं बटण दाबील, काडी ओढील, देवाजवळची काडेपेटी तिथंच होती. मी म्हणालो, "रुको."

तिचा माणूस कामावर होता. तो यायला हवा होता.

फोनवर पान उघडलं. अंगठा इतका ओला होता की पडदा ओळखेना. सदऱ्याला पुसला. आत वायू साचतोय आणि मी आत भोंगा वाजवतोय, ठिणगी पडली तर, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. पण तो स्पीकर आत्ताच वाजून गेला होता. मी पहिला भोंगा दाबला, लांब, एकसुरी.

घरात सुटीचा भोंगा झाला.

तो संपला. काही नाही. भाडेकरू माझ्याकडं बघतोय, मी दाराकडं. मग फटीतलं फडकं आत सरकलं. कडी निघाली. तिनं दार उघडलं, कपाळावरचे केस मागं सारत माझ्याकडं बघून म्हणाली, "आलाव? च्या टाकते."

मी तिला ओढूनच अंगणात आणलं, श्वास धरून आत गेलो, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. बाहेर येऊन पायरीवर बसलो तो बसलोच. मासेवाली टोपली तिथंच ठेवून तिला वारा घालत होती, आणि ती मासेवालीला सांगत होती, "आज लवकर सुटले हे."

संध्याकाळी मुलीला सांगितलं, या वेळी काही न लपवता. मग मीच म्हणालो, "बाहेरून यायची वाट उघड. तुला दिसलेलं बरं." ती अक्षरं सांगत गेली, मी दाबत गेलो. पासवर्ड दिसत नव्हता, तरी टाकला. रडणारा भोंगा काढून टाकला. सिलिंडर दुसऱ्याच दिवशी बाहेर पडवीत नेलं, जाळीच्या कपाटात, कुलूप लावून.

आता फाटकाची कडी निघाली की सुटीचा भोंगा होतो. ती तिथल्या तिथं थांबते, वळते, आणि चहा टाकायला आत जाते. शेगडी पेटत नाही, पण तिची भांडी वाजतात. मी जिथं असेन तिथून, अंगणातून, परसातून, धावत पुढच्या दारी येतो आणि दारात चपला काढतो. तिचा माणूस सुटून आला पाहिजे ना. भोंगा झाला आणि माणूस आलाच नाही, तर ती पुन्हा त्याला बघायला रस्त्यावर जाईल.

परवा भोंगा झाला तेव्हा ती फाटकात जरा जास्तच वेळ उभी राहिली. मी चपला काढून दारात थांबलो होतो. रस्त्यावरून टँकर गेला, दुसरा गेला. मी हाक मारली नाही, मारायची भीती वाटली, परका समजून पुढं गेली तर. शेवटी ती वळली.