हेलिकॉप्टरमधून घोडपदेव दिसत नाही

"मंगेश, ते पैसे भरून हेलिकॉप्टरमध्ये बसवतात ना, त्यात मला एकदा बसायचंय."

आई मेथी निवडत होती आणि मी रविवारचा लोळत पडलो होतो. मला वाटलं टीव्हीवर काहीतरी बघून बोलतेय. माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. टॅक्सीवाल्याने वळण जरा जोरात घेतलं तर "अरे बाबा, घरी पोरं आहेत ना तुला?" म्हणून ओरडणारी बाई. जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा कधी बसली नाही.

"कशाला गं?" मी विचारलं.

"सुरेशला वरून काय दिसायचं, ते बघायचंय."

मेथीची जुडी ओढून घेतली आणि मीही निवडायला बसलो.

सुरेश म्हणजे माझा दादा. टॉवर क्रेन चालवायचा. परळला एक चाळीस-बेचाळीस मजल्यांची इमारत उभी राहतेय, तिच्या डोक्यावरच्या क्रेनमध्ये काचेची एक खोली असते, त्यात दिवसभर एकटा बसायचा. सकाळी शिडीने वर गेला की संध्याकाळीच खाली. वर असताना फोन वापरायला बंदी, आणि आईचा जीव तर टांगणीला लागलेला. माझ्या बाबतीत सोपं आहे. माझं ऑफिस दादरला, आणि मी "पोचलो गं" हा फोन बस लालबागच्या पुलावर असतानाच उरकून टाकतो. दादाला तेही शक्य नव्हतं. मग त्यानेच तोडगा काढला. म्हणाला, "आई, तू रोज बारा वाजता आपली लाल सोलापुरी चादर गच्चीवर वाळत घाल. मला वरून बरोब्बर दिसते. चादर दिसली की मला कळेल तू ठीक आहेस, आणि मी बघतोय म्हणजे मीही ठीक आहे."

पाच वर्षं माझी आई रोज तीन जिने चढून धुतलेली, न धुतलेली ती चादर गच्चीवर घालत होती. संध्याकाळी दादा चपला काढेपर्यंत हिचा प्रश्न तयार. "दिसली?" आणि तो म्हणायचा, "दिसली की!"

आता खरं सांगतो. दिसत नव्हती. एकदा गॅलरीत उभे असताना दादाने मला स्वतः सांगितलं होतं. "अरे कसली चादर घेऊन बसलायस! नुसतं धुरकं असतं. आपली चाळ सोड, अख्खं घोडपदेव सापडत नाही. आईला सांगू नको हां." मी हसलो होतो आणि नाही सांगणार म्हणालो होतो.

नऊ महिन्यांपूर्वी दुपारी दीडच्या सुमाराला दादा त्या खोलीतच गेला. हार्ट अटॅक. एक्केचाळीस वर्षांचा होता. एवढ्या उंचावरून माणसाला खाली आणायला वेळ लागतो, तेवढा लागला. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

तर, हेलिकॉप्टर.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल म्हणून माहिती देतो. या सफरी जुहूहून निघतात. आम्ही वीस मिनिटांचा फेरा घेतला: जुहू, वांद्रे, वरळी, गिरगाव चौपाटी आणि परत. माणशी आठ हजारांच्या आत पडलं. ओळखपत्र लागतं, आणि मुख्य म्हणजे तिथे सगळ्यांसमोर तुमचं वजन करतात. वजनाप्रमाणे कोण कुठे बसणार ते ठरतं. आईला हे आधी सांगितलं नाही, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक जास्त मोठी होती, पण ती करताना मला फार हुशार असल्यासारखं वाटत होतं. आईने शेजारच्या मालूकाकीला चादर देऊन ठेवली होती. आमचं उड्डाण बाराचं, म्हणजे काकीने बाराला ती गच्चीवर घालायची. मालूकाकी मूळची मालवणची, एकदा सांगितलेलं काम जीव गेला तरी करणार. आणि मला चांगलं माहीत होतं की वरून काही दिसणार नाही. मग दादाचं खोटं उघडं पडेल, आईचं उरलंसुरलं सुख जाईल. मी ठरवून टाकलं, वर गेल्यावर बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ती बघ, दिसली.

सकाळी नऊला टॅक्सी केली. आईने निळी इरकल नेसलेली, पर्समध्ये दादाचा पासपोर्ट साइज फोटो, पिशवीत पाणी, बेसनाचे लाडू आणि उलटी होऊ नये म्हणून आवळासुपारी. सी लिंकवरून गेलो. शनिवार असल्यामुळे रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता, पाऊण तासात जुहू. तिथे एका उडप्याकडे इडली खाल्ली. खरं तर मी खाल्ली. आईने अर्धी इडली सांबारात बुडवून तशीच ठेवली.

"खा गं. वर काही मिळत नाही."

"परत आल्यावर खाऊ," ती म्हणाली. "आधी ते होऊन जाऊ दे."

परीक्षेला आल्यासारखं का बोलतेय, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्यासोबत नाशिकचं एक जोडपं होतं, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं. वजनकाट्यावर त्या बाई चढल्या तसे त्यांचे मिस्टर हळूच म्हणाले, "आता तरी चपला काढ." "चपलांचं वजन नाहीये हे, तुमच्या आईच्या हातच्या पुरणपोळीचं आहे," असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली. दादा गेल्यापासून तिला बाहेरच्या माणसांत हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, बरं झालं आणलं हिला.

बाराचे साडेबारा झाले, साडेबाराचे एक. वरून परवानगी यायचीय, एवढंच सांगत होते. आई दर पाच मिनिटांनी माझं मनगट ओढून घड्याळ बघत होती. "मालूला फोन कर, चादर राहू दे म्हणावं." मी दोनदा केला. काकी फोन डब्याच्या फळीवर ठेवते आणि विसरते. उचलला नाही. शेवटी सव्वाला आमचं नाव पुकारलं.

पंखा फिरायला लागला की बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून कानाला मोठे हेडफोन देतात. त्यातून पायलटचा आणि एकमेकांचा आवाज येतो. जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागा. जाताना शहर त्या बाजूला असतं. आईला ती मिळाली, तिच्या शेजारी मी. जमीन सुटली तेव्हा तिने माझं मनगट धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही.

वरून मुंबई सुंदर दिसते हो, नाही कसं म्हणू? समुद्र खालून वाटतो तेवढा मळका नाही. सी लिंकवरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या. नाशिकच्या बाई "अय्या, अय्या" करत होत्या. वरळीला किनाऱ्यालगत एका इमारतीचं काम चाललं होतं, आणि तिची क्रेन आमच्यापासून फार लांब नव्हती. पिवळा लांब हात, आणि त्याच्या मुळाशी काचेची खोली.

"ती?" आईने विचारलं.

"हो. तशीच."

"केवढीशी आहे रे," ती म्हणाली. "पाय तरी पसरता येत असतील का?"

दादा सहा फूट उंच होता. पाच वर्षांत मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग आईने मान वळवून पूर्वेकडे बघायला सुरुवात केली. परळ-लालबागचे टॉवर ओळीने उभे होते, आणि त्यांच्या मागे सगळं पांढुरकं. कुठे भायखळा, कुठे रे रोड, कुठे आमचं घोडपदेव, काही पत्ता लागत नव्हता. मधेमधे गळक्या छपरांवर टाकलेल्या निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या, त्याही जवळच्याच. आई डोळे बारीक करून बघत होती. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय, चादर दिसू दे म्हणून.

मी बोट दाखवलं. "ती बघ आई! त्या दोन टॉवरच्या मधून! लाल! दिसली?"

"कुठे?"

"अगं ती काय! स्पष्ट दिसतेय!"

तिने माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तुला दिसली?"

"दिसली की!"

आई रडायला लागली. हेडफोनमधून तिचा हुंदका सगळ्यांच्या कानात गेला. पायलटने हिंदीत विचारलं, माताजी ठीक आहेत ना? मी अंगठा दाखवला. मी खुशीत होतो, हे लिहिताना लाज वाटते. गिरगाव चौपाटीवरून वळून आम्ही परत आलो, आणि येताना तिने एकदाही बाहेर बघितलं नाही.

परतताना दादरला टॅक्सी सोडली. आईला पियुष आणि साबुदाणा वडा फार आवडतो, म्हटलं आज होऊन जाऊ दे. वडे आले, गरमागरम. तिने हात लावला नाही.

"त्या दिवशी मी चादर घातली नव्हती," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"सुरेश गेला त्या दिवशी. गुडघा सुजला होता. म्हटलं एक दिवस नाही घातली तर काय बिघडतंय." ती वड्याकडे बघत बोलत होती. "त्याने बाराला बघितलं असेल. दिसली नसेल. आईला काय झालं म्हणून घाबरला असेल, आणि खाली यायची तर सोय नाही. फोन नाही. दीड तास तसाच बसला असेल माझा पोरगा. आठ महिने मी देवाला म्हणतेय, वरून ती चादर दिसतच नसू दे. आज तू म्हणालास दिसली."

आजूबाजूला लोक ताक पीत होते, वेटर ओरडत होते, आणि मला वाटत होतं आत्ता इथेच कुणीतरी माझ्या थोबाडीत मारावी.

"आई, नव्हती दिसली. खोटं बोललो मी. आईशप्पथ."

"आता माझं मन राखायला बोलतोयस."

"अगं खरंच! मला काही दिसलं नाही!"

"मघाशी तर स्पष्ट दिसत होती." तिने पदराने तोंड पुसलं. "चल घरी."

मी अजून चार शपथा घेतल्या. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाने शपथ घेतली तर ती कोण मानणार? वडे तसेच राहिले.

चाळीच्या जिन्यात मालूकाकी समोर आली. हातात घडी केलेली चादर, चेहरा ओशाळलेला.

"वैनी, रागावू नको हां," ती म्हणाली. "बारापासून साडेबारापर्यंत मी थय उबी रवलंय. मगे असो वारो सुटलो, चादर उडान गेली असती, म्हणान काढून हाडलंय. तवसर तुमका दिसली मां?"

आई जिन्यातच थांबली. "साडेबाराला काढलीस?"

"होय गो. घरात ठेवलंय ती ठेवलंयच."

आम्ही सव्वाला उडालो होतो. आईने हळूहळू माझ्याकडे वळून बघितलं. "मग तुला काय दिसलं रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "मघापासून तेच सांगतोय."

ती पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर बसलो आणि दादाला दिलेला शब्द मोडला. गॅलरीतलं सगळं सांगितलं, धुरकं, न सापडणारं घोडपदेव, आईला सांगू नको हां. "त्याला कधीच दिसली नाही, आई. त्या दिवशीही तो तुझ्यामुळे घाबरला नाही. त्याला कळणारच नव्हतं."

"असंच म्हणायचा ना तो? दिसली की?"

"हो."

"तुझ्यासारखंच." तिने चादर मांडीवर घेतली. एक मोठा श्वास सोडला, आठ महिन्यांचा असावा. मला वाटलं, सुटली माझी आई. आणि मग तिचा चेहरा पुन्हा बदलला.

"म्हणजे पाच वर्षांत त्याने मला एकदाही बघितलं नाही?" ती म्हणाली. "मी हात करायची रे. चादर घालून झाली की रोज त्या बाजूला हात करायची."

मालूकाकी तिच्या शेजारी बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

या सफरीला महिना झाला. जावं का, असं विचाराल तर जा. डावीकडची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तो दिवस निवडा, पोटात थोडंच असू द्या. पण सोबतच्या माणसाने काही दिसतंय का विचारलं, तर जे दिसतंय तेच सांगा. चादर आता आईच्या अंथरुणावर असते. गच्चीवर ती जात नाही. रात्री झोप लागते म्हणते, आणि दुपारी बारा वाजता काय करावं ते समजत नाही, असंही म्हणते.

परवा ऑफिसला निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"पोचलास की फोन कर. पोचल्यावर हां."

बस लालबागच्या पुलावर आली आणि सवयीने माझा हात खिशात गेला. फोन काढला, तसाच परत ठेवला. दादरला उतरलो, ऑफिसचा जिना चढलो, खुर्चीत बसलो, आणि मग आईला फोन केला.