डबीतली लक्ष्मी

पडदा वर जावा तशी जिजाबाईनं खिडकी उघडली आणि बालाघाटचं सकाळचं ऊन तिच्या नवऱ्याच्या, शालिकरामच्या हातातल्या डबीवर पडलं. आत त्याच्या संग्रहातलं सर्वांत दुर्मिळ, सोन्याचं स्मारक नाणं होतं. टाकसाळीतून निघाल्यापासून त्याला कुणाचं बोट लागलं नव्हतं. मोल होतं ते त्या कोरेपणाचंच. शालिकरामनं भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. नाण्यावर बारीक ओरखडे!

"नाणं बदललं कोणंतरी! दिवाळीले किरनापूरचा जवाई आलता ना? मले त्याचा भरोसाच नव्हता."

"त्याले काहून बोलता जी? मीच घासलं, रिठ्याच्या पाण्यात. लक्ष्मीपूजनाले ठेवलं होतं. देवीले काय बिनआंघोळीचं पुजावं?"

शालिकरामनं पुन्हा भिंग लावलं. कडेच्या खाचेत खरंच पूजेचं कुंकू होतं. जन्मभर त्यानं चोरांपासून, पाहुण्यांपासून डबी जपली. घरातला देव्हारा मात्र ध्यानातच आला नव्हता.

जिजाबाईनं मायेनं चहा पुढे केला. त्यानं कपाकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून तिच्याकडे.

"हौ, पण तुले घासाले सांगतलं कोणं? त्या जवायानंच ना?"