भेटीचा वार

गोंदियाच्या कॉलेजात मुलींचं वसतिगृह उघडलं, त्यात राहायला गेलेल्या पहिल्या मुलींपैकी मी एक. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि आम्ही घरातून वसतिगृहात. दोन्हीकडचे कायदे कुणाला धड समजले नव्हते.

वसतिगृह म्हणजे भाड्यानं घेतलेलं एक बैठं घर. पुढे ओसरी, भोवती कंबरेएवढं कुंपण, आणि फाटकावर एक म्हातारा चौकीदार. आमच्या अधीक्षिका बाई नागपूरच्या. त्या स्वतः तिथल्या वसतिगृहात राहून शिकल्या होत्या आणि ट्रंकेबरोबर तिथले नियमही घेऊन आल्या होत्या. पहिल्याच दिवशी आम्हाला ओसरीत बसवून त्यांनी ते वाचून दाखवले. केस पुढच्या ओसरीत वाळवायचे नाहीत. जेवताना हसायचं नाही. दिवे दहाला बंद. आणि पालकांनी भेटायला यायचं ते रविवारी, दुपारी चार ते पाच, बाईंच्या समोर.

"शंका?" त्यांनी विचारलं.

शंका कुणालाच नव्हती. नियम म्हणजे काय हेच नवीन होतं, शंका कुठून येणार?

माझे बाबा कामठ्याकडचे शेतकरी. धानाची शेती. चार बांध्यांपलीकडच्या, म्हणजे चार शेतं सोडून उभ्या असलेल्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की घरात बोलले तरी गावाला कळावं. पहिल्या बाजाराच्या दिवशी ते बैलगाडीनं आले. एका पंच्यात उकडलेले शिंगाडे, एका डब्यात जवसाची चटणी. चौकीदारानं त्यांना फाटकातच अडवलं.

"आज नहीं दादा, इतवार को आओ."

बाबांनी त्याच्या डोक्यावरून थेट बाईंकडे पाहिलं. बाई ओसरीत उभ्या होत्या.

"काऊन जी? पोरगी माहीच हाये न?"

"हो, पण भेटीचा वार रविवार आहे," बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा."

"रविवारी कायले येऊ जी? बाजार आज हाये. रविवारी माहे बैल गोंदियात येऊन का करतीन?"

बैलांनी रविवारी काय करावं याचं उत्तर बाईंच्या नियमांत नव्हतं. पण त्या हलल्या नाहीत. चौकीदारानं शिंगाडे आत आणून दिले आणि बाबा बाहेरच राहिले. ते भांडले नाहीत. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली त्यांनी गाडी सोडली, बैलांपुढे तणस टाकली, आणि जुवावर बसून तिथूनच हाक मारली.

"का करून राहिली वो पोरी?"

मी खोलीच्या खिडकीशी होते. लाजेनं मेले. खोलीतल्या दोघी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बाबांनी गावाच्या बातम्या सुरू केल्या. गाय व्याली. धाकटा जांभळीवरून पडला, पण हाडं शाबूत आहेत. काकीचं आणि आईचं पुन्हा बोलणं सुरू झालं. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. बाई खोलीच्या दारात येऊन मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "उत्तर देऊ नकोस. आपोआप जातील."

मी गप्प बसले. बाबांनी मान उंचावून खिडकीकडे पाहिलं. मग उठून कुंपणापर्यंत आले.

"बाई, पोरगी बोलत काऊन नाही जी? बिमार हाये का? लपवून राहिले का तुमी?"

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. तसा आवाज मी त्याआधी एकदाच, आजी गेली तेव्हा, ऐकला होता. बाईंनाही तो लागला असावा. त्यांनी मला पुढे ढकललं. "बरी आहे म्हणून सांग. एवढंच."

"बरी हाओ बाबा!"

"मोठ्यानं बोल न! पोटात दाना नाही का?"

"बरी हाओ!" मी खिडकीतून ओरडले, आणि सगळा रस्ता हसला.

त्यानंतर दर बाजाराला तेच. मुर्रीहून एका मुलीची आई भाजी विकायला यायची, तीही टोपली रिकामी करून कडुनिंबाखाली येऊन बसू लागली. मग आणखी दोन गाड्या. बाईंनी नियमांचा कागद पुन्हा पुन्हा तपासला. फाटकाच्या आत यायला बंदी होती, रस्त्यावरून बोलायला नव्हती. आम्ही खिडक्यांत, आमची माणसं झाडाखाली, आणि मधे सायकली, हातगाड्या, कोंबड्या. कोपऱ्यावरचा पानवाला मला कॉलेजात जाताना विचारायचा, "बिटिया, गाय दूध दे रही है न ठीक से?"

मला वाटतं हे वर्षभर असंच चाललं असतं. पण माझ्या खोलीतल्या एका मुलीचे वडील आले.

ते तिरोड्याचे, किराण्याचे दुकानदार. माल घ्यायला आगगाडीनं यायचे. माणूस तसा मवाळ, पण झाडाखाली बसलं की सगळ्यांचाच आवाज चढायचा. तेही उभे राहून ओरडले, "ऐकलं का वो? तुह्यासाठी पोरगा पाह्यला! रेल्वेत हाये! माघात बार उडवून टाकू!"

ती माझ्या शेजारी उभी होती. घरी ती वडिलांसमोर मान वर करत नसे, हे तिनंच मला सांगितलं होतं. तिनं गजांना दोन्ही हातांनी धरलं.

"नाही बाबा! माही परीक्षा हाये उन्हाळ्यात! ते झाल्याबिगर नाही!"

झाडाखालच्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. पानवाल्यानं हातातला चुना तसाच धरला. तिचे वडील आधी लाल झाले, मग बाकीच्यांकडे पाहून कसनुसं हसले.

"रस्त्यावर बापाले नाही म्हन्ते पाहा!"

"रस्त्यावर इचारलं त रस्त्यावरच सांगन न गा," माझे बाबा म्हणाले. "पोरगी परीक्षा म्हन्ते, त देऊ दे. रेल्वे का पळून जाते?"

मुर्रीची भाजीवाली आई खो खो हसली, आणि तिच्या पाठोपाठ सगळेच. तिरोड्याचे काकाही शेवटी हसले. पण बाईंनी डोक्याला हात लावला होता. त्या तडक फाटकाशी गेल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांनी ते उघडलं.

"या, आत या सगळे. मुलींच्या लग्नाच्या गोष्टी रस्त्यावर नको. या."

त्याच आठवड्यात त्यांनी प्राचार्यांना गाठून भेटीचा वार बदलून घेतला. रविवारऐवजी बाजाराचा दिवस, दुपारभर. माझ्या मैत्रिणीनं परीक्षा दिली, पासही झाली. रेल्वेतला मुलगा तोवर थांबला. त्यालाही घाई नव्हती, असं नंतर कळलं.

पण मला आठवते ती बाबांची आतली पहिली भेट. बाईंच्या खोलीत खुर्चीवर ते अंग चोरून टेकले. हात गुडघ्यांवर. मी समोर. "बरी हायेस न?" एवढं विचारलं आणि पुढे शब्दच फुटेना. मलाही काही सुचेना. शेवटी बाईच म्हणाल्या, "यंदा धान कसं आहे?"

"लोंबी बरी हाये जी," बाबा म्हणाले, आणि खुर्चीत नीट टेकून बसले. मग धानाच्या रोगापासून तळ्याच्या पाण्यापर्यंत ते बोलत राहिले आणि नागपूरच्या बाई मधेमधे प्रश्न विचारत राहिल्या. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मी डब्यातली जवसाची चटणी बोटानं चाटत आरामात ऐकत बसले.