एक शब्द कमी

मुलीकडे जपानला गेलो होतो, तेव्हा समुद्रकाठच्या एका संग्रहालयात एक पाणबुडी पाहिली. दुसरं महायुद्ध हरत आल्यावर किनारा वाचवायला घाईघाईने बांधलेली, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. टॉर्पेडो पुरेनात, म्हणून नाकातच स्फोटकं भरायची आणि शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळायचं.

निघताना बायकोने सवयीने म्हाताऱ्या रखवालदाराला मराठीतच सांगितलं, "येते हं!" घरी माझ्या तोंडून कधी "जातो" निघालं, तर ही मला उंबऱ्यावरून परत बोलावते आणि "येतो" म्हणायला लावते.

मुलगी हसली. "आई, इथेही घरून निघताना 'जाऊन येतो' असंच म्हणतात."

मी वळून त्या पाणबुडीकडे पाहिलं. "मग यातली मुलं काय म्हणाली असतील गं?"

तिने रखवालदाराला विचारलं. तो खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"नुसतं 'जातो' म्हणायची, म्हणतायत."

त्यांच्या आयाही दारातच उभ्या असतील. कमी पडलेला तो एक शब्द त्यांना नक्की कळला असेल, आणि मुलाला परत बोलावता आलं नसेल.