खरवडलेला चेहरा

सोव्हिएत सैनिकांची सदोष पदकं मी जमवतो. एखाद्याचा ठसा तिरका पडलाय, एखाद्याचा मुलामा अर्धवट चढलाय. हातातलं हे पदक मात्र कारखान्यात बिघडलेलं नाही. ज्याला मिळालं त्या सैनिकानंच त्यावरच्या नेत्याचा चेहरा खिळ्यानं खरवडून काढलाय. अक्षरं शाबूत, फीत वापरून विटलेली. म्हणजे गडी ते छातीवर लावून हिंडत होता! पराक्रम माझा, तुझं तोंड कशाला? वितळवलं असतं तर राग निवला असता; यानं तो जपून ठेवला.

समोर भिंतीवर पितळी पाटी आहे. कामावरची भट्टी दुरुस्त करा, असं भाऊ सांगत राहिला. त्याच्या कारखान्याच्या मालकांनी ऐकलं नाही. त्याच भट्टीत तो भाजून गेला, तेव्हा त्यांनी ही पाटी दिली. खाली भावाचं नाव, वर मालकांचा कोरलेला हसरा चेहरा. आई दर दिवाळीला चिंचेनं दोन्ही लखलखीत करते.

मी पाटी उतरवली, खिळा घेतला. पहिल्याच ओरखड्याला आई आली.

"काय करतोयस?"

मी पदक तिच्यापुढे धरलं. चेहऱ्याच्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला. मग खाली बसून पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"दाबून ओढ," ती म्हणाली. "फक्त त्याच्या नावाला धक्का लावू नकोस."